प्रो व्हावं की कॉलेजला जावं? आधी हरलेल्या मॅचची वही काढ

तुझा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला काय कळलं ते सांगते. वय १७, टेनिसमध्ये जूनियर रँकिंग शंभरच्या आत, गेल्या आठ महिन्यांत अकरा प्रो स्पर्धा खेळलीस, सगळ्या डब्ल्यू १५ किंवा डब्ल्यू ३५, म्हणजे बायकांच्या प्रो टेनिसच्या सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या. त्यात आठ वेळा पहिल्याच मॅचमध्ये बाहेर, दोनदा दुसरी फेरी आणि एकदा क्वार्टरफायनल. घरात दोन तट पडलेत, बाबा म्हणतात अजून एक वर्ष पूर्ण वेळ टेनिस दे, आई म्हणते अमेरिकन कॉलेजची स्कॉलरशिप हातात आहे ती घे. आणि सगळ्यात शेवटी तू लिहिलंयस, "माझ्यात ते आहे का हे कसं कळतं?"

वयाने खूप लहान आहेस म्हणून अगं-तुगंच करते. मी स्वतः काही वर्षं सर्किटवर काढली, सिंगल्सला चारशेच्या आत कधी आले नाही, आणि त्यानंतर वीसेक वर्षं मुलींबरोबर कोच म्हणून फिरतेय. त्यामुळे टॉप टेनमधल्या आयुष्याबद्दल मला विचारू नकोस, पण रँकिंगच्या १२०० ते १५० या पट्ट्यात काय होतं ते मी अगदी जवळून बघितलंय आणि तू आत्ता तिथेच उभी आहेस.

पहिली गोष्ट, तुझा खरा प्रश्न प्रो की कॉलेज हा नाहीये. प्रो होणं म्हणजे एखाद्या दिवशी घडणारी गोष्ट नाही, कुणी सर्टिफिकेट देत नाही. आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनचा) आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक काढला, एन्ट्री टाकली, ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या सामन्यांच्या यादीत नाव आलं की खेळतेस तू प्रो टेनिस. तुला तीन स्पर्धांत पॉइंट मिळालेत, दुसऱ्या फेरीचा एक-एक आणि क्वार्टरचे तीन असे धरले तर साधारण पाच, आणि तीन स्पर्धांत पॉइंट किंवा एकूण किमान १० पॉइंट झाले की रँकिंगमध्ये नाव येतं, म्हणजे हजाराच्या पलीकडे कुठेतरी तू लिस्टमध्ये आहेससुद्धा. खरा प्रश्न आहे त्या आठ पराभवांचा, आणि त्यांच्याबद्दल तू फक्त आकडा दिलायस.

आता शिडी कशी आहे ते बघ, कारण बऱ्याच घरांत ही शिडी नीट माहीत नसते आणि मग टीव्हीवरच्या टेनिसशी तुलना सुरू होते. खाली आयटीएफच्या डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५, १००. २०२४ पासून नावातला आकडा म्हणजे सिंगल्स जिंकणारीला मिळणारे पॉइंट. त्याच्या वर डब्ल्यूटीएच्या (बायकांच्या प्रो टेनिसची संघटना) स्पर्धा, १२५, मग २५०, ५००, १००० आणि सगळ्यात वर ग्रँड स्लॅम, तिथे जिंकणारीला २००० पॉइंट. स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये १२८ जणी, त्यातल्या १०४ थेट रँकिंगवर, १६ क्वालिफायिंगमधून (आधीच्या पात्रता फेऱ्यांतून), ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी थेट दिलेल्या जागा. क्वालिफायिंगलाही १२८ जणी असतात आणि तीन मॅच जिंकाव्या लागतात. म्हणून सर्किटवर सगळ्या जणी दोनच आकड्यांबद्दल बोलतात, एक साधारण शंभर आणि दुसरा साधारण सव्वादोनशे. सव्वादोनशेच्या आत आलीस की स्लॅमचं क्वालिफायिंग, शंभरच्या आसपास आलीस की मेन ड्रॉ.

आणि या दोन जगांतला फरक किती आहे ते एकदा कागदावर मांड. डब्ल्यू १५ जिंकायला पाच मॅच जिंकायच्या, मिळतात १५ पॉइंट आणि दोन हजार डॉलरच्या आसपास, त्यातूनही त्या देशाचा टॅक्स कापून. पहिल्या फेरीत हरलीस तर दीडशे डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉटेलच्या दोन रात्री निघाल्या तरी नशीब. तेच २०२५ च्या विम्बल्डनला सिंगल्सच्या पहिल्या फेरीत हरणारीला ६६,००० पौंड मिळाले आणि पॉइंट १०. एकही मॅच न जिंकता! स्लॅममध्ये बायका-पुरुषांचे पैसे आता सारखे आहेत, यूएस ओपनने ते १९७३ मध्येच केलं, विम्बल्डनला २००७ उजाडलं, पण तो सारखेपणा वरच्या शंभर-सव्वाशे जणींपर्यंतच पोचतो. खाली सगळ्या जणी घरच्यांच्या, फेडरेशनच्या, एखाद्या स्पॉन्सरच्या नाहीतर क्लब मॅचेसच्या पैशावर खेळतात. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, पण "पॉइंट आले की पैसे येतील" असं घरात कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पैसे येतात ते दोनशेच्या आसपास, आणि तेही स्लॅमची क्वालिफायिंग खेळायला मिळाली म्हणून.

आता वहीची गोष्ट. मी ज्या मुलीबरोबर काम सुरू करते तिला आधी मागच्या तीस मॅच लिहून काढायला लावते, हरलेल्या वेगळ्या पानावर. स्कोअर सगळ्यांना आठवतो, पण मला बाकीचं हवं असतं. समोरची किती रँकिंगची होती, सर्फेस कुठलं, मॅचच्या किती दिवस आधी तिथे पोचलीस, पहिला सेट कसा गेला, ३-३ नंतर काय झालं, सेकंड सर्व्हवर किती पॉइंट गेले, आणि आदल्या रात्री किती झोपलीस. बहुतेक मुली म्हणतात ताई हे आता कसं आठवणार, पण बसलं की आठवतं, हरलेली मॅच कुणी विसरत नाही. आणि वही भरली की आठ पराभव एकसारखे दिसत नाहीत. ३०० रँकिंगच्या बाईकडून ६-४, ७-५ हरणं ही एक गोष्ट, आणि तुझ्यासारख्याच हजारावरच्या मुलीकडून पहिला सेट ६-१ जिंकून मग १-६, २-६ हरणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिल्यात लेव्हल पुढची आहे पण तू जवळ आहेस, दुसऱ्यात दम संपतोय किंवा डोकं, किंवा समोरचीने काहीतरी बदललं आणि तुझ्याकडे दुसरा प्लॅन नव्हता.

तू जूनियरमध्ये चांगली आहेस म्हणजे बहुतेक फोरहँड जोरदार असणार आणि जूनियरमध्ये तेवढ्यावर भागतं. डब्ल्यू १५ ला २६ वर्षांची बाई समोर येते, तिचा एकही शॉट बघून तुला भीती वाटत नाही, पण ती तुला फुकट पॉइंट देत नाही, तुझ्या बॅकहँडला उंच बॉल टाकत राहते आणि ३०-३० ला तुझ्या सेकंड सर्व्हवर दोन पावलं आत येऊन उभी राहते. असल्या बायकांशी हरत हरतच शिकता येतं. म्हणून पहिल्या वर्षात आठ वेळा पहिल्या फेरीत हरणं मला धक्कादायक वाटत नाही, मी तर म्हणेन नेहमीचं आहे. तिसऱ्या वर्षीही तेच चाललं असेल तर मात्र मी गप्प बसणार नाही.

माझं मत विचारशील तर करिअर कोर्टवर जेवढं ठरतं तेवढंच एन्ट्री टाकताना ठरतं. आम्हा कोच लोकांचा एक जुना ढोबळ हिशोब आहे, दोन मॅच जिंकल्या तर एक हरावी. त्याहून जास्त जिंकत असलीस तर वरची लेव्हल घे, आणि जिंकण्यापेक्षा हरणं जास्त होत असेल तर मुकाट्याने खाली उतर. लोक बरोबर उलटं करतात. एका मुलीबरोबर मी फिरत होते, २४० च्या आसपास पोचली होती, आणि आम्हा दोघींना घाई झाली. वरच्या स्पर्धांची क्वालिफायिंग खेळत सुटलो, प्रत्येक आठवड्यात नवा देश, पहिली मॅच हरायची आणि पुढच्या विमानात. सलग सात आठवडे. टेनिस वाईट नव्हती खेळत, पण सात आठवड्यांत सात मॅच, मग जिंकायची सवय कुठून राहणार? शेवटी खालच्या स्पर्धांना परत आलो, पहिल्या आठवड्यात फायनल, दुसऱ्या आठवड्यात टायटल, आणि तेव्हा कुठे ती परत टायब्रेकमध्ये हसायला लागली. तेव्हापासून मी मॅच मोजते, पॉइंट नाही. तुझ्या अकरा स्पर्धांत मेन ड्रॉच्या मॅच किती झाल्या बघ, पंधरा. आठ महिन्यांत सिंगल्सच्या पंधरा मॅच म्हणजे फारच कमी, इथेच माझा पहिला आक्षेप आहे.

शिवाय तुझ्या वयाला स्पर्धांवर मर्यादा आहे हे लक्षात ठेव. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदावं पूर्ण व्हायच्या आधीच प्रो खेळायला लागली, १९९२ ला ऑलिम्पिक गोल्ड, आणि १९९३ नंतर सगळं कोलमडलं. त्यानंतर १९९५ पासून डब्ल्यूटीएने वयाची अट आणली. बरीच वर्षं चाललेल्या चौकटीत १४ व्या वर्षी ८ स्पर्धा, १५ ला १०, १६ ला १२, १७ ला १६ अशी मर्यादा होती, एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत, आणि चांगली कामगिरी असेल तर थोड्या जास्त. तू खेळतेस त्या वर्षीचं रूलबुक उघडून स्वतः मोज, कारण मोजून मिळालेल्या स्पर्धा चुकीच्या ठिकाणी उडवणं हे या वयातलं सगळ्यात महाग नुकसान आहे. (कॅप्रियाती २००१ ला परत येऊन ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच जिंकली आणि नंबर वनही झाली, ही पण तिचीच गोष्ट, ती अर्धीच सांगितली जाते.)

दुसरी एक चूक माझी स्वतःची. रँकिंग ५२ आठवड्यांचं असतं, मागच्या वर्षी या आठवड्यात मिळवलेले पॉइंट आज गळून पडतात, त्याला पॉइंट डिफेंड करणं म्हणतात आणि या एका शब्दाने जेवढे खांदे आणि गुडघे बिघडवलेत तेवढे कुठल्या हार्ड कोर्टने बिघडवले नसतील. एका मुलीचा खांदा दुखत होता, फिजिओ म्हणाला दोन आठवडे थांबा, पण तिचे ३५ पॉइंट जाणार होते म्हणून मी म्हटलं पहिली फेरी तर खेळून बघू. पहिली फेरी जिंकली, दुसरीत सर्व्ह करताना हात खाली आला. सहा महिने गेले. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर गोठवलेल्या रँकिंगवर काही स्पर्धांत परत एन्ट्री मिळते, पण तो नियम आधी मला नीट माहीत असता तर मी तिला खेळवलंच नसतं. पॉइंट परत मिळतात गं.

शरीरावरून अजून एक, जे पुरुष कोच असतील तर बहुतेक बोललं जात नाही. पाळीचं वेळापत्रक त्याच वहीत लिही. २०२२ च्या फ्रेंच ओपनला चीनची झेंग चिनवेन पोलंडच्या इगा श्वियातेकविरुद्ध पहिला सेट जिंकून हरली आणि नंतर तिने सरळ सांगितलं की पोटात कळा येत होत्या. विम्बल्डनने पांढऱ्या कपड्यांच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायला २०२३ पासून परवानगी दिली, म्हणजे तोवर डाग दिसेल ही भीती घेऊनच बायका तिथे खेळत होत्या. तुझ्या आठ पराभवांतले दोन-तीन त्या दिवसांतले निघाले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, ट्रेनिंग आणि खाणं त्याप्रमाणे बदलता येतं, डॉक्टरांशी बोलता येतं.

आता कॉलेज. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे हे मी आधीच कबूल करते. दोन वर्षं पूर्ण फिरायचा खर्च घराला झेपतो का, म्हणजे कर्ज न काढता झेपतो का? तुझ्याबरोबर कोण फिरणार? एकटीने रिसॉर्टमधल्या कोर्टांवर तीन-तीन आठवडे काढायचे, कुणाशी बोलायला नाही, संध्याकाळी हरून खोलीत यायचं, हे तुला जमतं का? काही मुलींना ते आवडतं. मला नाही जमलं, मी तर बावीसची होते.

पण "कॉलेज म्हणजे टेनिस संपलं" हे बाबांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. डॅनियल कॉलिन्स चार वर्षं कॉलेज खेळली, २०१४ आणि २०१६ ला एनसीएए (अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना) सिंगल्स जिंकली, २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल आणि २०२४ ला मायामी जिंकली. जेनिफर ब्रेडी २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला होती, तीही कॉलेजमधून आलेली. एमा नवारो २०२१ ची एनसीएए चॅम्पियन, २०२४ ला यूएस ओपनची सेमीफायनल. उलट बाजूला एमा राडुकानू १८ व्या वर्षी १५० रँकिंगवरून क्वालिफायिंग खेळून २०२१ चं यूएस ओपन जिंकली, दहा मॅच आणि एकही सेट न गमावता, पण तसं आधी कुणीही केलेलं नव्हतं. त्या एका उदाहरणावर घराचं बजेट बसवू नका.

वयाची घाईही तेवढी नाही. फ्रांचेस्का स्कियावोने २०१० ला फ्रेंच जिंकली तेव्हा २९ ची होती, ली ना २०११ ला तेवढीच, आणि ली ना तर मधे टेनिस सोडून दोन वर्षं शिकायला गेली होती. फ्लाविया पेनेटा ३३ व्या वर्षी यूएस ओपन जिंकली. अ‍ॅश बार्टी १५ व्या वर्षी विम्बल्डन जूनियर जिंकली, २०१४ ला कंटाळून थांबली, क्रिकेट खेळली, परत आली, तीन स्लॅम जिंकली आणि नंबर वन असतानाच २५ व्या वर्षी कायमची थांबली. सरळ रेषेत कुणाचंच गेलेलं नाही.

तर तू दिलेल्या आकड्यांवर माझा कल आईकडे आहे, पण डोळे मिटून नाही. त्या कॉलेजच्या कोचला तीन गोष्टी विचार आणि उत्तरं लेखी घे: टीमच्या सिंगल्स लाइनअपमध्ये मी कितव्या नंबरला खेळणार, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि सीझन नसताना मला आयटीएफ खेळायला मोकळं सोडणार का, आणि त्या स्पर्धांना टीमचा कोच बरोबर येतो का. तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर तुला वर्षाला भरपूर मॅच, फिजिओ, जिम, हिटिंग पार्टनर आणि डिग्री मिळते, हे सगळं सर्किटवर स्वतःच्या पैशाने उभं करायला लागतं. गोलगोल उत्तरं आली तर बाबांचं वर्ष घे. आणि मधल्या काळात प्राइझ मनी घेताना एनसीएएचे नियम तपासून घे, ते सध्या सारखे बदलतायत, आणि एका चुकीच्या चेकवरून पात्रतेचा घोळ झालेला मी बघितलाय.

डबल्स खेळतेस का ते लिहिलं नाहीस. खेळ. प्रत्येक आठवड्यात खेळ. पहिल्या फेरीत सिंगल्स हरलीस तरी आठवडा वाया जात नाही, व्हॉली आणि रिटर्न सुधारतो आणि एकटेपणा कमी होतो. सानिया मिर्झा सिंगल्समध्ये २००७ ला २७ पर्यंत गेली होती, मग मनगटाच्या दुखापतींनी ते अवघड झालं, पुढे पूर्ण डबल्सकडे वळली आणि २०१५ ला नंबर वन, एकूण सहा स्लॅम. तिला डबल्स आधीपासून येत होतं म्हणून ते दार उघडं राहिलं.

दोन कोरड्या सूचना पण महत्त्वाच्या. एक, हरल्यावर फोन बघू नकोस. छोट्यातल्या छोट्या मॅचवर बेटिंग चालतं आणि पैसे गेलेले लोक थेट तुला शिव्या घालतात. डब्ल्यूटीए आणि आयटीएफने २०२४ चे मेसेज तपासले तेव्हा त्रास देणाऱ्या मजकुरातला ४० टक्के असल्या चिडलेल्या जुगाऱ्यांचा निघाला. आणि कुणी "एक सेट सोड" म्हणून विचारलं तर नुसतं नाही म्हणून भागत नाही, ते कळवावं लागतं, न कळवणं हाही गुन्हा आहे. दोन, गोळी असो की पावडर, विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही. श्वियातेकसारख्या खेळाडूला झोपेच्या गोळीत भेसळ निघाली म्हणून २०२४ ला एक महिन्याची बंदी लागली, आणि तिच्याकडे तर ते सिद्ध करायला वकील आणि लॅब होत्या.

पुढच्या तीन महिन्यांसाठी मी असं करीन. एकाच ठिकाणी लागोपाठ होणाऱ्या तीन डब्ल्यू १५ निवड, त्यामुळे प्रवास एकदाच होतो आणि कोर्टची सवय होते. डब्ल्यू ३५ आत्ता नको. मग दोन आठवडे घरी, त्यात स्पर्धा नाही, फक्त सेकंड सर्व्ह आणि झोप. मग परत तीन. सहा स्पर्धांत मिळून सिंगल्स-डबल्सच्या वीस मॅच झाल्या पाहिजेत, त्यातल्या किती जिंकल्या ते नंतर बघू. तोवर कॉलेजच्या ऑफरची तारीख कधी आहे ते विचारून ठेव, ती पुढे ढकलता येते का तेही.

आणि हो, एवढ्या लांब प्रश्नात आठ पराभवांवर तू दहा ओळी लिहिल्यास आणि त्या क्वार्टरफायनलवर अर्धी ओळ. त्या आठवड्यात तू लागोपाठ दोन मॅच जिंकलीस. कुठलं सर्फेस होतं, बरोबर कोण होतं, किती दिवस आधी पोचली होतीस? वहीचं पहिलं पान ते कर.